मोडलेल्या हाडात मूलपेशी कशाची होणार, हे ठरवतं कोण?

कुळागर

फ्रॅक्चर आणि स्टेम सेल (मूलपेशी) हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "इंजेक्शन घेतलं तर हाड लवकर जुळेल का?" त्याचं उत्तर देण्याआधी त्या पेशीच्या आजूबाजूला काय चाललेलं असतं ते समजून घ्यावं, म्हणून हा धागा उघडतोय. प्रयोगशाळेत काम करणारे, ऑपरेशन थिएटरमधले, फिजिओ, सगळ्यांनी आपापल्या बाजूने भर घाला. स्वतःच्या केसच्या कहाण्या नकोत, नेमकी माहिती द्या.

एकाच माणसाची नडगी मोडली असं धरू. मोडलेल्या टोकांपासून थोडं लांब, पेरिऑस्टियमखाली (हाडावरच्या पातळ आवरणाखाली) रक्तवाहिन्या शाबूत असतात. तिथे पेशी सरळ हाड घालायला लागतात. फटीच्या मधोमध रक्त पोचत नाही, तिथे त्याच जातीच्या पेशी आधी कूर्चा करतात आणि मग त्या कूर्चेच्या जागी हाड येतं. टोकं सतत हलत राहिली तर तंतुमय ऊती भरते आणि एक्स-रेवर फट तशीच दिसत राहते. माणूस एक, पेशी एका जातीच्या, निकाल तीन.

दुसरी गोष्ट, कॅलस (फटीभोवती येणारा नव्या ऊतीचा जोड) करणाऱ्या बहुतेक पेशी हाडातल्या मज्जेतून येतात असा समज आहे. उंदरांमध्ये पेशींवर खूण करून केलेल्या अभ्यासांत कॅलसमधला मोठा वाटा पेरिऑस्टियमच्या आतल्या थराचा निघतो. म्हणून प्लेट बसवताना हाड स्वच्छ दिसावं म्हणून पेरिऑस्टियम खरवडून काढणं म्हणजे जुळवणारी माणसंच कामावरून काढण्यासारखं आहे.

पेशीघर

चांगला विषय. प्रयोगशाळेच्या बाजूने सुरुवात करतो.

मज्जेतल्या, प्लास्टिकला चिकटून वसाहती करणाऱ्या पेशी संशोधक फ्रीडनस्टाइन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत दाखवल्या. 'मेसेनकायमल स्टेम सेल' हे नाव कॅप्लान यांनी १९९१ मध्ये रूढ केलं. आज अशी पेशी ओळखण्याचे किमान निकष २००६ सालचे आहेत: प्लास्टिकला चिकटणं, पृष्ठभागावर सीडी ७३, सीडी ९० आणि सीडी १०५ ही ओळखीची प्रथिनं असणं, सीडी ४५, सीडी ३४ वगैरे रक्तपेशींच्या खुणा नसणं, आणि बशीत (प्रयोगशाळेच्या काचपात्रात) हाड, चरबी, कूर्चा या तिन्हींकडे वळता येणं. यातला 'बशीत' हा शब्द लक्षात ठेवा. बशीत तिन्ही होते म्हणजे शरीरातही तिन्ही होईल असं नाही. शरीरात तिला तिन्ही रस्ते मोकळे नसतात, परिसर त्यातले दोन बंद करतो.

परिसरातला कडकपणा घ्या. २००६ मध्ये एंग्लर, डिशर आणि सहकाऱ्यांनी याच पेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. ०.१ ते १ किलोपास्कलवर (हे कडकपणाचं एकक) त्या चेतापेशींसारख्या दिसायला लागल्या, ८ ते १७ वर स्नायूंकडे झुकल्या आणि २५ ते ४० वर हाडाकडे. सगळीकडे माध्यम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, एकच होतं. त्याआधी २००४ मध्ये असंही दिसलं होतं की पेशीला पसरायला मोठा ठिपका दिला तर ती हाडाकडे जाते, आणि लहान ठिपक्यात कोंबली, गोल राहिली, तर चरबीकडे. पेशी पसरली की आतले ॲक्टिन प्रथिनाचे दोर ताणले जातात, रोए आणि रॉक ही ताण सांभाळणाऱ्या प्रथिनांची जोडी चालू होते, वायएपी आणि टॅझ ही जनुकं चालू करणारी प्रथिनं केंद्रकात शिरतात आणि रन्एक्स२ या हाडाकडे नेणाऱ्या कळीला जोर मिळतो.

आता विचार करा, ज्या प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये आपण पेशी वाढवतो त्याचा कडकपणा साधारण ३ गिगापास्कल. म्हणजे नुकत्याच घडणाऱ्या हाडाच्या मऊ गाभ्यापेक्षा लाख पट कडक. ॲन्सेथ यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की पेशींना या कडकपणाची आठवण राहते. प्लास्टिकवर ७ दिवस ठेवून मऊ जेलवर हलवल्या तर वायएपी केंद्रकाबाहेर येतो. १० दिवस ठेवल्या तर तो आतच अडकून राहतो. रुग्णात घालायच्या पेशी आठवडेच्या आठवडे फ्लास्कमध्ये वाढवणाऱ्यांनी हा मुद्दा डोक्यात ठेवायलाच हवा.

ताळगाव_एमएस्सी

सर, दोन शंका. कडकपणाचा प्रयोग साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येतो का? आणि अ‍ॅलिझरिन रेडने (कॅल्शियम लाल करणाऱ्या रंगाने) रंगवल्यावर कंट्रोल वेलमध्येही (तुलनेसाठीच्या खळग्यातही) लाल दिसत असेल तर काय काय तपासावं?

पेशीघर

@ताळगाव_एमएस्सी, जेल आधी.

१ मिलीलिटर मिश्रण, सुमारे ३५ किलोपास्कलसाठी: ४० टक्के अ‍ॅक्रिलमाइड २५० मायक्रोलिटर, २ टक्के बिस (साखळ्या जोडणारा पदार्थ) १५० मायक्रोलिटर, पीबीएस (खारट बफर) ५८९ मायक्रोलिटर. हे निर्वात करून हवा काढा, कारण ऑक्सिजन जेल धरू देत नाही. मग जेल जमवणारी दोन रसायनं: १० टक्के एपीएस १० मायक्रोलिटर आणि टेमेड १ मायक्रोलिटर. मऊ जेल हवं असेल, साधारण ४.५ किलोपास्कल, तर अ‍ॅक्रिलमाइड १२५ आणि बिस ७५ घ्या, उरलेलं पीबीएसने भरा. न जमलेलं अ‍ॅक्रिलमाइड मज्जासंस्थेला विषारी आहे, हातमोजे हवेतच.

१८ मिलीमीटरच्या गोल कव्हरस्लिपवर २५ मायक्रोलिटर टाकलं की थर सुमारे १०० मायक्रॉन होतो. त्याहून फार पातळ करू नका. थर १०-२० मायक्रॉनवर आला की पेशीला खालची काच जाणवते आणि 'मऊ' जेलवरही निकाल कडक येतो. खालची कव्हरस्लिप अमिनोसिलेन आणि ०.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडने तयार केलेली हवी, नाहीतर फुगल्यावर जेल सुटून तरंगतं. वरची काच डायक्लोरोडायमिथाइलसिलेनने जलरोधी करा, म्हणजे उचलताना जेल फाटत नाही.

अ‍ॅक्रिलमाइडला पेशी चिकटत नाहीत. म्हणून प्रथिन जेलला जोडणारं सल्फो-सॅनपॅह ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलीलिटर, ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात १० मिनिटं, धुऊन कोलॅजन-१ रात्रभर. सगळ्या कडकपणांवर कोलॅजन सारखंच बसलंय ना हे अँटीबॉडीने तपासा. ते तपासलं नाही तर फरक कडकपणाचा की कोलॅजनचा हे सांगताच येणार नाही.

गोव्यातल्या हवेसाठी दोन सूचना. एपीएस ओलावा ओढतं. जून ते सप्टेंबर बाटली डेसिकेटरमध्ये ठेवा, द्रावण ताजं करा. जेल अर्ध्या तासात धरलं नाही तर पहिला संशय एपीएसवर घ्या. सल्फो-सॅनपॅहची कुपी फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडू नका. बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि पदार्थ निकामी होतो. विरघळवल्यावर लगेच वापरा, पाण्यात तो टिकत नाही. इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये पावसाळ्यात बुरशी हमखास धरते, ट्रे दर आठवड्याला रिकामा करून निर्जंतुक करा.

आता अ‍ॅलिझरिन. नेहमीचं माध्यम: डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर, २१ दिवस. कंट्रोलमध्ये लाल दिसलं तर आधी रंगाचा पीएच बघा, ४.१ ते ४.३ हवा. मग धुलाई: फिक्स केल्यावर डिस्टिल्ड पाण्याने नीट धुतलं नाही तर माध्यमातला कॅल्शियम-फॉस्फेटचा साका रंग घेतो. आणि पेशी नसलेला, फक्त माध्यम घातलेला एक वेल ठेवाच. तोही लाल झाला तर ते खनिज पेशींनी केलेलं नाही. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट जास्त झालं की अल्कलाइन फॉस्फटेज त्यातून फॉस्फेट सोडत राहतं आणि खनिज आपोआप खाली बसतं. मेलेल्या पेशींवरही बसतं. म्हणून नुसत्या लाल रंगावर 'हाड झालं' म्हणू नये. सोबत रन्एक्स२, ऑस्टिओकॅल्सिन आणि कोलॅजन-१ या हाडपेशींच्या खुणा बघा.

डेक्सामेथासोनच्या बाबतीत सावध. १०० नॅनोमोलर हाडाकडे नेतं. तेच १ मायक्रोमोलर, इन्सुलिन, आयबीएमएक्स आणि इंडोमेथासिनसोबत दिलं की चरबीकडे. वजन करताना एक शून्य चुकलं की संपूर्ण प्लेट तेलाच्या थेंबांनी भरलेली दिसते.

सांधेजोड

पेशीघर यांनी किलोपास्कल सांगितले. शस्त्रक्रियेत आम्ही ते मोजत नाही, आम्ही ताण मोजतो. पेरेन यांचा नियम सोपा आहे: ताण म्हणजे फटीत होणारी हालचाल भागिले फटीची रुंदी. पक्कं हाड सुमारे २ टक्के ताण सहन करतं, तंतुकूर्चा १० टक्के, जखम भरताना येणारी कोवळी ग्रॅन्युलेशन ऊती १०० टक्क्यांपर्यंत. जी ऊती तेवढा ताण सोसू शकत नाही ती तिथे तयारच होत नाही.

आता आकडे घालून बघा. फट १ मिलीमीटर आणि हालचाल अर्धा मिलीमीटर, तर ताण ५० टक्के. तिथे हाड येणं शक्य नाही. फट १० मिलीमीटर आणि हालचाल तेवढीच, तर ताण ५ टक्के. म्हणून चुरा झालेलं हाड लवचिक ब्रिज प्लेटवर (चुऱ्यावरून पुलासारख्या बसवलेल्या पट्टीवर) जुळतं, आणि साधं आडवं, दोनच तुकड्यांचं फ्रॅक्चर त्याच लवचिक प्लेटवर, बारीक फट ठेवून, महिनोन्महिने तसंच राहतं. पहिल्या प्रकारात हालचाल अनेक फटींत वाटली जाते, दुसऱ्यात सगळी एकाच ठिकाणी येते. साध्या फ्रॅक्चरला एकतर दाबून घट्ट बसवा किंवा रॉड घाला. ते चालतं. मधलं अर्धवट काही करू नका.

उलटी चूकही होते. लॉकिंग प्लेटचं (जिच्यात स्क्रू घट्ट अडकतात) प्रत्येक छिद्र स्क्रूने भरलं की जोड इतका ताठ होतो की कॅलसला उठायला कारणच उरत नाही, आणि शेवटी प्लेट थकून मोडते. ब्रिज प्लेटमध्ये फ्रॅक्चरच्या जवळची दोन-तीन छिद्रं रिकामी ठेवतात ती यासाठी.

थोडी हालचाल उपयोगी असते याचा जुना आणि स्वच्छ पुरावा म्हणजे गुडशिप आणि केनराइट यांचा १९८५ चा मेंढ्यांवरचा प्रयोग. नडगीत ३ मिलीमीटरची फट, बाहेरून फ्रेम, रोज १७ मिनिटं, ५०० वेळा उभ्या दिशेने सूक्ष्म हालचाल. हलवलेल्या गटात हाड लवकर भरलं. पण उभी हालचाल आणि पीळ यांत फरक आहे. दाबाची उभी हालचाल पेशींना कूर्चा आणि मग हाडाकडे नेते. घसरण आणि पीळ नव्या रक्तवाहिन्या फाडतात, आणि रक्तवाहिनी फाटली की सगळं पुन्हा सुरुवातीपासून.

शरीर स्वतः काय करतं तेही बघण्यासारखं आहे. फ्रॅक्चरनंतर टोकांचं हाड थोडं विरघळतं, एक्स-रेवर फट रुंदावल्यासारखी दिसते आणि रुग्ण घाबरतो. फट रुंद झाली की तेवढ्याच हालचालीत ताण कमी होतो, आणि पेशींना पुढची ऊती घालता येते.

दाबोळी_फिजिओ

सांधेजोड बाब, याला जोडून. "थोडं वजन टाका" असं रुग्णाला सांगितलं की तो एकतर पाय अधांतरी ठेवतो नाहीतर पूर्ण टेकवतो. सर्जननी २० किलो सांगितलं असेल तर घरच्या वजनकाट्यावर पाय ठेवून काटा २० वर येईपर्यंत दाबायला शिकवा, रोज काही वेळा, आठवडाभर. दुसरा पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर हवा, नाहीतर शरीर कलतं आणि आकडा खोटा येतो. कुबड्यांवर वळताना मोडलेला पाय जमिनीवर टेकवून त्यावर गिरकी घेऊ देऊ नका, सगळा पीळ तिथेच जातो.

आणि हाडवैद्याकडे नेऊन तेल चोळणं. पहिल्या आठवड्यात चोळलं की गुठळी पसरते, टोकं घासतात, आणि पट्टी घट्ट बांधली तर पायाचा रक्तपुरवठाच थांबू शकतो. माडावरून पडलेल्या पाडेल्याला (नारळ काढणाऱ्याला) आधी तिथे नेलं जातं, मग चार दिवसांनी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. गावागावात हे सांगायला हवं.

कुळागर

गुठळीचा उल्लेख झाला ते बरं. साचलेलं रक्त म्हणजे घाण, ते धुऊन टाकायचं, असं वाटतं. पण मूलपेशींचा पहिला परिसर तोच असतो. ऑक्सिजन कमी, आम्लता जास्त, लॅक्टेट भरलेलं, फायब्रिनचं जाळं. त्यातच आयएल-१, आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा ही जळजळ पेटवणारी प्रथिनं सुटतात. पहिल्या २४ तासांत त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो आणि साधारण आठवड्यात ओसरतो. मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या संरक्षक पेशी) आधी आग लावणाऱ्या भूमिकेत असतात, मग दुरुस्तीच्या भूमिकेत येतात. एसडीएफ-१ हे प्रथिन मूलपेशींना बोलावून आणतं. उंदरांच्या प्रयोगांत ही गुठळी काढून टाकली की हाड जुळणं मागे पडतं.

उघड्या (त्वचा फाटलेल्या) फ्रॅक्चरमध्ये अर्थात धुवावंच लागतं. तिथे जंतू हा मोठा धोका, गुठळी वाचवण्याचा विचार नंतर. पण बंद फ्रॅक्चर विनाकारण उघडून धुऊ नये.

रक्तवाहिन्यांबद्दल २०२० मध्ये एक सुंदर उत्तर मिळालं. फटीच्या मध्यभागी कूर्चा का होते? ऑक्सिजन नाही म्हणून, असं आपण म्हणत आलो. व्हॅन गॅस्टेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मोठा संकेत मेदाम्लांच्या टंचाईचा आहे. रक्तवाहिनी नाही म्हणजे मेद पोचत नाहीत. मग पेशीत फॉक्सओ हा नियंत्रक चालू होतो, तो सॉक्स९ ही कूर्चेची कळ वाढवतो आणि पेशी कूर्चेकडे वळते. कूर्चापेशीला रक्ताशिवाय जगता येतं. पेशी जिथे आहे तिथे काय मिळतंय ते ओळखून जगता येईल असं रूप घेते. मला या सगळ्या विषयात याहून देखणं काही वाटत नाही.

ताळगाव_एमएस्सी

मग जळजळ जर पहिल्या आठवड्यात हवीच असते, तर फ्रॅक्चरनंतर सूज उतरवणाऱ्या गोळ्या देतात ते चूक का?

सांधेजोड

सरसकट चूक म्हणता येणार नाही. या गोळ्या कॉक्स-२ हे विकर दाबतात, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन ई२ कमी होतं, आणि मूलपेशींना हाडाकडे ढकलणारा एक महत्त्वाचा निरोप तोच असतो. कॉक्स-२ चं जनुक काढलेल्या उंदरांत फ्रॅक्चर उशिरा आणि अर्धवट जुळतं. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर स्नायूंत नको तिथे हाड होऊ नये म्हणून आपण मुद्दाम इंडोमेथासिन देतो, म्हणजे परिणाम खरा आहे. माणसांत फ्रॅक्चरवर नेमका किती फरक पडतो यावर अभ्यासांचं एकमत नाही. मुलांमध्ये थोड्या दिवसांच्या वापराने नुकसान दिसलेलं नाही. मोठ्यांत व्यवहार असा: पॅरासिटामॉलवर भागत असेल तर तेच, या गोळ्या लागल्याच तर थोडे दिवस. आधीच जोखीम असलेल्यांत, म्हणजे धूम्रपान, मधुमेह, नडगीचं उघडं फ्रॅक्चर, आठवडेच्या आठवडे देऊ नयेत. दुकानातून आणून स्वतःच सुरू ठेवणं सर्वांत वाईट.

साखरतपासणी

मधुमेहाबद्दल कोणीच बोललं नाही आणि हा गोव्याचा धागा आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या २०२३ मधल्या अहवालात देशाचा आकडा ११.४ टक्के, आणि सर्व राज्यांत सर्वाधिक गोव्याचा, २६.४ टक्के. म्हणजे अस्थिरोग वॉर्डातल्या रुग्णांच्या पेशींचा परिसर साखरेने आधीच बदललेला असण्याची शक्यता इथे मोठी.

नेमकं काय बिघडतं? पहिल्या आठवड्यात ओसरायला हवा तो टीएनएफ-अल्फा चढाच राहतो. कूर्चापेशी वेळेआधी मरतात, कूर्चा खाणाऱ्या पेशी जास्त येतात, आणि ज्याच्यावर हाड बसायचं ते कूर्चेचं जाळंच लवकर नाहीसं होतं. कॅलस लहान आणि दुबळा. साखर चिकटलेल्या प्रथिनांमुळे कोलॅजन ठिसूळ होतं आणि अशी प्रथिनं ओळखणारे पेशींवरचे 'रेज' ग्राहक सतत चेतलेले राहतात. मधुमेही उंदरांना इन्सुलिन देऊन साखर आणली की यातलं बरंचसं सुधारतं, म्हणून साखर आटोक्यात आणणं हा हाडाचाच उपचार समजा.

तपासणीतली एक फसगत. मोठा रक्तस्राव झालाय, रक्त चढवलंय, तर एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) खोटी कमी येऊ शकते, कारण जुन्या तांबड्या पेशी गेलेल्या असतात. तेव्हा उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघा, रोज.

औषधांतही लक्ष घाला. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध पीपीएआर-गॅमा चेतवतं, आणि पीपीएआर-गॅमा म्हणजे मूलपेशीला चरबीकडे नेणारी मुख्य कळ. या गटातल्या औषधांनी स्त्रियांत फ्रॅक्चरचं प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. फ्रॅक्चर झालेल्या बाईंच्या यादीत ते असेल तर फिजिशियनला विचारून बदलता येतं का पाहा. स्वतः बंद करू नका. आणि ड-जीवनसत्त्व मोजा. समुद्रकाठी राहतो म्हणून ते पुरेसं असेल असं गृहीत धरू नका. २० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या खाली असेल तर भरून काढा.

कुळागर

आता मूळ प्रश्नाकडे. मज्जेच्या इंजेक्शनबद्दल कोणी आकडे देईल का?

सांधेजोड

देतो. यात सर्वांत उपयोगी काम फ्रेंच सर्जन एर्निगू यांचं, २००५. न जुळलेल्या ६० नडग्या, मज्जा दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडातून काढून, सेंट्रिफ्यूजने घट्ट करून, त्वचेतून सुईने आत दिलेली. ५३ जुळल्या. जुळलेल्यांत पूर्वज पेशी (ज्यांतून हाडाच्या पेशी होऊ शकतात त्या) प्रति घनसेंटिमीटर १५०० हून जास्त होत्या. न जुळलेल्या ७ जणांत सरासरी ६३४. हे आकडे वाचून लोक 'पेशी वाढवा' एवढंच उचलतात. निवड बघायला हवी. फट मोठी असेल, हाड वाकडं किंवा ढिलं असेल, जंतुसंसर्ग असेल, तर हे इंजेक्शन चालण्याची अपेक्षाच ठेवू नये.

काढण्यातच बहुतेक बिघाड होतो. एका जागेतून २० मिलीलिटर ओढलं की पहिल्या काही मिलीलिटरनंतर येतं ते साधं रक्त. मशलर यांनी १९९७ मध्येच सांगितलं आहे, एका जागेतून २ मिलीलिटरपर्यंतच घ्या, मग सुई फिरवा, खोली बदला, पुन्हा घ्या. १० मिलीलिटरची सिरिंज वापरा; लहान सिरिंजने ओढ जोरात बसते आणि पेशी जास्त मिळतात, ५० च्या सिरिंजने कमी. सिरिंजमध्ये आधी रक्त गोठू न देणारं द्रावण फिरवून घ्या, नाहीतर गुठळ्यांत पेशी अडकतात आणि गाळणीतच राहतात. आणि ते सी-आर्मखाली (थिएटरमधल्या एक्स-रे यंत्राखाली) फटीत आणि टोकांच्या भोवती जातंय ना ते बघा. घाईने ढकललं की स्नायूंत पसरतं. पीआरपी (रक्तातल्या प्लेटलेट घट्ट केलेला द्रव) ही वेगळी गोष्ट आहे, त्यात मूलपेशी नसतात. दोन्ही एकाच नावाने विकलं जात असेल तर प्रश्न विचारा.

पेशीघर

एक मतभेद नोंदवतो. आत दिलेल्या पेशी स्वतः हाड होतात असं सांधेजोड यांच्या मांडणीतून वाटू शकतं. खूण केलेल्या पेशी आत टाकल्या तर त्यातल्या बऱ्याच काही दिवसांत, आठवड्यांत दिसेनाशा होतात. त्या सोडतात ते व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन), प्रोस्टाग्लँडिन आणि इतर निरोप टिकतात, मॅक्रोफेजची भूमिका बदलते, तिथल्या तिथल्या पेशी कामाला लागतात. कॅप्लान यांनीच नंतर आग्रह धरला की यांना स्टेम सेल म्हणणं सोडा. माझ्या मते दिलेल्या पेशींचं मुख्य काम परिसर बदलण्याचं आहे.

सांधेजोड

मान्य, पण मग एर्निगू यांच्या कामात पेशींची संख्या आणि निकाल यांचा एवढा घट्ट संबंध का? निरोप देणाऱ्या पेशी जास्त म्हणजे निरोप जास्त, हे उत्तर मला चालेल. मात्र मज्जेतल्या मोजक्याच पेशी या जातीच्या असतात, दहा हजारांत एक ते लाखात एक. बाकीच्या पेशी काय करतात हे आपण हिशेबात घेत नाही.

परिसर आधी, पेशी नंतर, याचं शस्त्रक्रियेतलं उत्तम उदाहरण म्हणजे मास्कले यांची पद्धत. हाडाचा तुकडा गेलेला असतो. पहिल्या टप्प्यात मेलेलं सगळं काढून तिथे अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट भरायचं, दोन्ही टोकांवर थोडं चढवून. सिमेंट जमताना तापतं, सलाइन सोडत राहा, नाहीतर टोकाच्या पेशी भाजतात. पुढच्या ६ ते ८ आठवड्यांत शरीर त्या सिमेंटभोवती पातळ पडदा बांधतं. या पडद्यात रक्तवाहिन्या असतात आणि तो व्हीईजीएफ, टीजीएफ-बीटा आणि बीएमपी-२ ही वाढीची प्रथिनं सोडतो. दुसऱ्या टप्प्यात पडदा एका सरळ चिरेने उघडायचा, सिमेंट तोडून काढायचं, आतली बाजू खरवडायची नाही, कमरेच्या हाडाचे बारीक तुकडे भरायचे आणि पडदा शिवून बंद करायचा. तुकडे ठासून दाबले की आत रक्तवाहिन्यांना वाट राहत नाही. कृत्रिम हाड मिसळायचं तर रुग्णाच्या तीन भाग हाडाला एक भाग, त्याहून जास्त नाही. सगळ्यांत जास्त फसतं ते पहिल्या टप्प्यातल्या अपुऱ्या सफाईने. मेलेलं हाड मागे राहिलं की पडद्याखाली पू होतो.

ताळगाव_एमएस्सी

पाच महिने झाले, हाड जुळलं नाही, आणि कोणी स्टेम सेलचा सल्ला दिला, तर रुग्णाने काय विचारावं?

सांधेजोड

पाच महिने म्हणजे उशीर, अजून नॉन-युनियन, म्हणजे 'जुळणारच नाही', म्हणायचं नाही. रूढ व्याख्या ९ महिने आणि शेवटच्या ३ महिन्यांत काहीच प्रगती नाही अशी आहे, नडगीबाबत सर्जन थोडं आधी ठरवतात. आधी सीआरपी आणि ईएसआर, जंतुसंसर्गाची शंका बघायच्या रक्ततपासण्या. शंका असेल तर अँटिबायोटिक थांबवून आतल्या ऊतीचे निदान पाच नमुने कल्चरला. मग सीटी स्कॅन, कारण साध्या एक्स-रेवर धातूमागची फट दिसत नाही. कॅलस हत्तीच्या पायासारखा पसरलेला आणि मध्ये फट असेल तर पेशी भरपूर आहेत, रक्त आहे, कमी आहे ती स्थिरता. तिथे जाड रॉड किंवा घट्ट प्लेट द्या, पेशी देऊन पैसे घालवू नका. टोकं निमुळती, कॅलसच नाही, असं असेल तर रक्त आणि पेशी दोन्ही कमी; तिथे कमरेचं हाड किंवा मज्जा यांचा विचार. सिगारेट, तंबाखू बंद हे दोन्हींत.

पेशीघर

आणि कायद्याची बाजू. आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठीचं मज्जा-प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचे उपचार मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच करायचे असतात. पेशी प्रयोगशाळेत वाढवून देणार असतील तर सीडीएससीओची (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची) परवानगी, नैतिक समितीची मंजुरी आणि सीटीआरआयचा (क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक मिळाला की तो सीटीआरआयच्या संकेतस्थळावर घालून बघा: आजार तोच आहे का, हाड तेच आहे का, ट्रायल अजून चालू आहे का. गुडघ्याच्या झिजेसाठी नोंदवलेल्या ट्रायलचा क्रमांक नडगीच्या फ्रॅक्चरला लागू होत नाही.

मुलाच्या जन्मावेळी नाळेचं रक्त साठवलंय, ते वापरता येईल का, असंही विचारतात. त्यात मुख्यतः रक्त करणाऱ्या मूलपेशी असतात. मोडलेल्या हाडासाठी त्याचा उपयोग नाही.